मांसमाशी
कीटकांच्या द्विपंखी (डिप्टेरा) गणातील सार्कोफॅजिडी कुलातील माशी. बहुतेक परिचित जातींच्या राखी वक्षावर तीन काळे उभे पट्टे व उदरावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-करडे चौकोन असतात. घरमाशीच्या वक्षावर चार पट्टे असतात. जाती मुख्यत्वे नराच्या जननेंद्रियांवरून ओळखतात.

सार्कोफॅगा हे वंशनाम सार्क्स (मांस) व फॅगेन (खाणे) या ग्रीक शब्दांपासून जर्मन कीटकवैज्ञानिक जे. डब्ल्यू. मायगेन यांनी बनविले. त्यातील एका जातीला लिनीअस यांनी १७५८ मध्येच कार्नेरिया (लॅटिन : मांसाची) हे नाव दिले होते. अशा रीतीने सार्कोफॅगा कार्नेरिया या नावात मांसाचा उल्लेख दोनदा येतो. प्रत्यक्षात तिच्या अळ्या गांडुळांवर जगतात. कुलातील इतर अनेक जातींच्या अळ्या मात्र प्रेतांवर, विष्ठेवर, जखमांत किंवा अन्य कीटकांच्या शरीरात वाढतात.

मादी सामान्यतः अंडी न घालता जिवंत अळ्याच सोडते. त्यामुळे प्रेतावरील अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूची वेळ ठरविताना अंडी उबण्याचा काळ धरावयाचा नसतो. मांसमाशीची अळी अंडी घालणाऱ्या माशीची समजली गेल्यास न्यायवैद्यकातील हा अंदाज चुकतो.