पुढे काय? आणि असे का?

मालिकेचा भाग संपतो. पडद्यावर नावे सरकू लागतात आणि घरात बोलणे सुरू होते. ‘तिने ते दार उघडायलाच नको होते.’ ‘त्याने त्या माणसावर विश्वास ठेवलाच कसा?’ ‘तो मेलेला नाही, बघा, परत येणार!’ अशा बोलण्याला बहुधा रिकामटेकड्यांचा उद्योग समजले जाते. वस्तुतः त्यात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. ‘पुढे काय होणार?’ हा पहिला प्रश्न. तो कथानकाविषयी, म्हणजे घटनांच्या गुंफणीविषयी असतो. ‘या माणसाने असे का केले?’ हा दुसरा प्रश्न. तो पात्राच्या स्वभावाविषयी आणि त्याच्या निर्णयाविषयी असतो. समीक्षक मोठमोठ्या ग्रंथांतून ज्यांचा विचार करतात, ते हेच दोन प्रश्न होत.

या दोन प्रश्नांचा एक बोलका इतिहास काशीनगरीत घडला आहे.

काशीत पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे प्राचीन मंदिर आहे. श्रावणातल्या मंगळवारी महाराष्ट्रात नवविवाहित मुली जिची पूजा मांडतात, त्याच देवीचे हे स्थान. या घाटांच्या परिसरातील अरुंद गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ, ‘आज’ या दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ साली काशीतील मराठी घरातच झाला. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशा दोन भाषांत या कुटुंबांचे जीवन सहज चालत आले. त्यामुळे काशीत रचली गेलेली हिंदी कथा ही त्यांना परकी कथा नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच काशीत देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांची लेखणी चालू झाली. काशीनरेशांच्या अखत्यारीतील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांनी काही काळ घेतला होता. त्या निमित्ताने ते डोंगर, दऱ्या आणि पडके किल्ले पाहत हिंडले. पुढे तेच अवशेष त्यांच्या कथांत जिवंत झाले. १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे प्रेम. विजयगढच्या वजिराचा महत्त्वाकांक्षी मुलगा क्रूरसिंह याचे कपट. आणि चुनारगढचा राजा शिवदत्त याचे वैर, असा हा कथाभाग आहे. चुनारचा किल्ला आजही गंगेच्या काठी उभा आहे.

या कथेचे दोन खांब आहेत: ऐयार आणि तिलिस्म. ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी, धावणे, औषधी आणि युक्त्या यांत निष्णात असलेला राजसेवक. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्याविषयी ज्या आख्यायिका महाराष्ट्रात सांगितल्या जातात, त्या आठवल्या म्हणजे ऐयाराची कल्पना येते. तिलिस्म म्हणजे खजिना लपवण्यासाठी रचलेले गूढ बांधकाम. त्यात गुप्त दारे, फिरणाऱ्या भिंती, आपोआप हलणारे पुतळे असतात. आणि ज्याच्या नशिबी ते असेल, त्यालाच ते उघडता येते. युरोपात जुने वाडे, बंद खोल्या आणि घराण्याची रहस्ये यांवर रचलेल्या भयकथांना ‘गॉथिक’ म्हणतात. तिलिस्मी कथा ही त्या कथांची जणू भारतीय बहीण होय. फरक एवढाच की खत्रींच्या कथेत भुताखेतांपेक्षा कळसूत्रे आणि औषधी यांवर अधिक भर असतो.

‘चंद्रकांता’नंतर खत्री यांनी ‘चंद्रकांता संतति’ ही चोवीस भागांची कथा लिहिली. एक भाग वाचून संपला की वाचक पुढच्या भागाची वाट पाहत असे. त्याच काळात पुण्यात हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. दोन कथांचे विषय अगदी भिन्न. एकीत तिलिस्म, तर दुसरीत मराठी घरातील स्त्रीची व्यथा. परंतु वाचकाची स्थिती दोन्हीकडे सारखीच होती. वाट पाहणारा वाचक गप्प बसत नाही. तो अंदाज करतो, शंका काढतो आणि दुसऱ्याशी वाद घालतो.

काशीत हा वाद केवळ घरांपुरता राहिला नाही. ‘अशा गोष्टी घडणे शक्य तरी आहे काय?’ असा आक्षेप त्या काळच्या लेखनातून घेतला गेला. खत्री यांनी ‘संतति’च्या अखेरीस त्याची दखल घेतली. या घटनांच्या खरेखोटेपणाची परीक्षा व्हावी म्हणून आपण त्या लिहिल्या नाहीत, वाचकाचे कुतूहल वाढावे म्हणून लिहिल्या, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शक्य काय आणि अशक्य काय, हे ठरवणे देश, काळ आणि पात्र यांवर अवलंबून असते, असेही त्यांनी सुचवले.

पुढे आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात याहून खोल मुद्दा मांडला. तो ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. या कादंबऱ्यांत घटनांचे वैचित्र्य आहे, पण पात्रांचे स्वभावचित्रण नाही. म्हणून त्यांची गणना उच्च साहित्यात होत नाही, असे त्यांचे मत होते. परंतु याच शुक्लांनी खत्री यांचे एक मोठे श्रेयही मान्य केले. खत्री यांनी हिंदीला जितके वाचक मिळवून दिले, तितके दुसऱ्या कोणत्याही लेखकाने दिले नाहीत; उर्दू जाणणारे कितीतरी लोक ही कथा वाचता यावी म्हणून हिंदी शिकले. ‘पुढे काय?’ या एका प्रश्नासाठी माणसे नवी लिपी शिकली, ही गोष्ट लहान नव्हे.

आता या दोन प्रश्नांची कसोटी कशी लावावी, ते पाहण्याजोगे आहे.

कथानकाची पहिली अट अशी की कथेने स्वतःचे नियम स्वतः मोडू नयेत. भिंत फिरते, पुतळा बोलतो, हे वाचक आनंदाने मान्य करतो. कारण तिलिस्माचा तो नियमच असतो. पण ऐयार कोणाचेही रूप घेऊ शकतो, एवढाच नियम असता तर कथा कोसळली असती. प्रत्येक संकटातून ‘तो खरा नव्हताच’ असे म्हणून सुटता आले असते. म्हणून खत्री यांचे ऐयार एकमेकांची ओळख पटवण्यासाठी गुप्त संकेत वापरतात. संकेत न सांगणाऱ्यावर विश्वास टाकला जात नाही. युक्तीला अशी मर्यादा घातली की वाचकाला कथेशी बरोबरीने डाव खेळता येतो. ‘त्याने संकेत विचारायला हवा होता,’ असे जेव्हा वाचक म्हणतो, तेव्हा तो कथानकाची समीक्षाच करत असतो.

पात्राची कसोटी निराळी आहे. पात्राने शहाणपणाचाच निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा नसते. निर्णय चुकीचा असला तरी तो त्या माणसाचा वाटला पाहिजे. भित्र्या माणसाने अचानक शौर्य गाजवले, तर त्यामागचे कारण कथेत आधी कुठे तरी पेरलेले असावे लागते. ते पेरलेले नसेल, तर तो निर्णय पात्राचा नसून लेखकाच्या सोयीचा ठरतो.

खत्री यांच्या लेखनात ‘भूतनाथ’ या पात्रापाशी हे दोन प्रश्न एकत्र येतात. भूतनाथ हा अत्यंत कुशल ऐयार. त्याचा भूतकाळ मात्र डागाळलेला आहे. तो उघड होईल या भयाने तो सतत पळतो, आणि त्याच वेळी चांगल्या राजाची सेवा करून नाव मिळवण्याची त्याला ओढही असते. तो सज्जन की दुर्जन, हे वाचकाला सहज ठरवता येत नाही. येथे ‘पुढे काय?’ हा प्रश्न अपुरा पडतो आणि ‘हा असा का झाला?’ हा प्रश्न मोठा होतो. त्याचे उत्तर देण्यासाठी कथेला मागे जावे लागले. खत्री यांनी त्याची जीवनकथा म्हणून ‘भूतनाथ’ ही स्वतंत्र कादंबरी हाती घेतली. त्यांच्या निधनामुळे ती अपुरी राहिली, आणि त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी ती पूर्ण केली.

एका शतकानंतर हीच कथा पडद्यावर आली. नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ ही मालिका १९९४ ते १९९६ या काळात दूरदर्शनवर दाखवली गेली. मूळ कादंबरीत पुष्कळ बदल करून आणि नवी पात्रे घालून ती रचलेली होती. अखिलेंद्र मिश्र यांनी रंगवलेला, जाड भुवयांचा आणि ‘यक्कू’ म्हणणारा क्रूरसिंह घरोघरी पोचला. समजा, मंगला गौरीच्या गल्लीतील एका मराठी घरात रविवारी सकाळचा भाग पाहून झाल्यावर आत्या आणि भाचा बोलत बसले आहेत.

‘आत्या, क्रूरसिंह दर वेळी तोंडघशी पडतो, तरी पुन्हा तोच डाव टाकतो. एवढा मूर्ख माणूस असतो का कुठे?’

‘मूर्ख नव्हे रे, लोभी आहे तो. लोभ्याला आपले चुकले असे कधी वाटत नाही. आपल्याला कोणी तरी फसवले, एवढेच वाटते.’

‘मग त्याला कोणी दूर का करत नाही?’

‘कारण तो लोकांना आवडतो. पण ते कथेतले कारण झाले नाही, ते दुकानाचे कारण झाले.’

या बोलण्यात आत्याने दोन महत्त्वाचे भेद दाखवले आहेत. पहिला, मूर्खपणा आणि लोभ यांतील. म्हणजे पात्राच्या चुकीचे मूळ कोठे आहे याचा. दुसरा, कथेच्या आतील कारण आणि कथेच्या बाहेरील कारण यांतील. मालिका ही कलाकृती असते, तशीच ती विक्रीची वस्तूही असते. लोकप्रिय पात्र लांबवणे, भागाच्या शेवटी खोटे संकट उभे करणे, हे पुष्कळदा बाहेरच्या कारणाने घडते. जो प्रेक्षक हा भेद ओळखतो, त्याला सहजासहजी झुलवता येत नाही.

बाहेरचे कारण नेहमीच कथेला मारक ठरते, असेही नाही. अमेरिकेत २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात ‘डार्क शॅडोज’ ही दैनंदिन मालिका चालली. तिचे १२२५ भाग झाले. किनाऱ्यावरील जुना वाडा आणि त्यातील कॉलिन्स घराणे, असा तिचा विषय होता. प्रारंभी तिला प्रेक्षक कमी लाभले. १९६७ साली बार्नाबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पुरुष कथेत आणला गेला; काही आठवड्यांत त्याला संपवण्याचा विचार होता. प्रेक्षकांनी त्याला असे उचलून धरले की तो मालिकेचा मध्यबिंदूच झाला. पण केवळ क्रूर पात्र वर्षानुवर्षे कसे पेलणार? तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस कथा थेट १७९५ सालात गेली आणि तो शापित कसा झाला, हे तिने दाखवले. खलपुरुषाला पश्चात्ताप लाभला आणि प्रेक्षकांच्या चर्चेला नवा विषय मिळाला: इतके समजल्यावर त्याला क्षमा करावी काय?

मराठीतही असेच घडले. कोकणातील नाईकांच्या वाड्याची ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली आली, तेव्हा तिचा आरंभ अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाला होता. २०१९ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली आणि जिवंतपणीचे अण्णा, त्यांची सत्ता, वासना आणि अपराध प्रेक्षकांसमोर आले. काशीचा भूतनाथ, अमेरिकेतील बार्नाबस आणि कोकणातील अण्णा, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही तिघांच्या कथांना मागे वळावे लागले. अपराध्याचा भूतकाळ कळला की त्याचे वागणे समजते. मात्र समजणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, आणि या दोहोंतील सीमारेषा नेमकी कोठे आहे, यावरच प्रेक्षकांचे खरे वाद होतात.

म्हणून मालिकेवरील चर्चेत तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. पात्राला त्या क्षणी जेवढे ठाऊक होते, तेवढ्यावरून त्याने हा निर्णय घेतला असता काय? प्रेक्षकाला पुष्कळ ठाऊक असते. पात्राला ते ठाऊक नसते, हे विसरू नये. दुसरा प्रश्न: या वळणाची तयारी कथेने आधी केली होती काय? आणि तिसरा: हे वळण कथेच्या गरजेतून आले, की मालिका लांबवण्याच्या गरजेतून?

हे प्रश्न पडद्यापाशी थांबत नाहीत. शेजाऱ्याविषयी कोणी एखादी गोष्ट सांगतो, सभेत पुढारी एखादी कहाणी रंगवतो, वर्तमानपत्रात एखाद्या गुन्ह्याची हकिगत येते. तेथेही ‘पुढे काय?’ एवढेच विचारणारा माणूस सांगणाऱ्याच्या मागे ओढला जातो. ‘असे का?’ हे विचारणारा मात्र क्षणभर थांबतो, पुरावा पाहतो आणि मग स्वतःचे मत बनवतो. एके काळी पहिल्या प्रश्नाने माणसांना अक्षरांपर्यंत आणले. अक्षरे हाती आल्यानंतर दुसरा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेणे, हे वाचकाचे आणि प्रेक्षकाचे स्वतःचे काम आहे.