अर्थ गावला

अँटेनाची पिन मागून उपटली आणि टेप मेला.

कॅसेट गेली, सीडी आली, सीडीही गेली, तरी गाडीत गाणी वाजवणाऱ्या डब्याला आमच्याकडे अजून टेपच म्हणतात. त्याच्या पिवळी, लाल आणि काळी अशा तिन्ही वायरी जागच्या जागी होत्या. अँटेना काढल्यावर रेडिओ खरखरला असता तर समजण्यासारखं होतं. इथे दिवाच विझला. काकांनी पिन परत खोचली, दिवा लागला. काढली, विझला. असं तीनदा केलं. मग ते डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "ह्येका अर्थ गावाक नाय. अँटेनाच्या जीवार चलता."

गाडी आमची जुनी मारुती 800. वर्षातले दहा महिने ती कुणकेश्वरच्या घराच्या खळ्यात, माडाखाली, ताडपत्री पांघरून उभी असते. मुंबईहून कोणी आलं की बॅटरी चार्ज करायची आणि तारामुंबरीचा पूल ओलांडून देवगडला बाजाराला जायचं, एवढंच तिचं काम. यंदा महाशिवरात्रीच्या आठवडाभर आधी पोचलो. जत्रेची दुकानं उभी राहत होती, देवळाकडून भोंग्याची चाचणी ऐकू येत होती. गाडीतला टेप मात्र आवाज जरा वाढवला की मंद व्हायचा, गचका खायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागून 'घुंईं' असा सूर चढत जायचा. टेप संपला असं ठरवून मी येतानाच नवा ब्लूटूथवाला घेऊन आलो होतो. जुना बहुधा निर्दोष होता, हे उशिरा कळलं. तोवर खोका फोडून झाला होता.

बसवायला काका आले. त्यांचं खरं शिक्षण देवगड बंदरातल्या ट्रॉलरवर झालेलं, गाड्यांची वायरिंग नंतर. हत्यारांची पिशवी, जुना मल्टिमीटर आणि बोटाएवढी एक पेन्सिल सेल घेऊन ते चालत आले.

अर्थ म्हणजे इंग्रजांचा अर्थ, जमीन. अमेरिकेच्या वळणाने छापलेल्या कागदावर त्यालाच ग्राउंड म्हणतात आणि टेपच्या स्टिकरवर काळ्या वायरीसमोर 'जीएनडी' असतं. पण गाडीचा जमिनीशी संबंध रबराच्या चार चाकांपुरता. घराच्या मीटरखाली कोळसा आणि मीठ घालून खड्ड्यात पुरतात त्या अर्थिंगचं आणि याचं नातं नावापुरतं. गाडीतला अर्थ म्हणजे पत्रा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक जाड पट्टीने बॉडीला जोडलेलं असतं. दिव्याला, टेपला वायर येते ती पॉझिटिव्हकडून, परतीचा प्रवास सगळ्यांचा मिळून पत्र्यातून होतो. तांबं निम्मं वाचतं.

"होडयेक बॉडी अर्थ नसता," काका म्हणाले. "थय दोन वायरी. एक जाता, एक येता." लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीतून वीज परत येणार कुठून? तिला परतीची वायर स्वतंत्र द्यावीच लागते. त्यामुळे होडीवर शिकलेला माणूस परतीच्या वाटेचा विचार आधी करतो. आम्ही घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. वीजही 'येते' म्हणूनच निघत असावी. आमच्या टेपमध्ये येणं तुटलं होतं.

तरीही तो चालत कसा होता? अँटेनाच्या केबलमध्ये मधोमध बारीक तार असते आणि तिच्याभोवती जाळी. ती जाळी एका टोकाला टेपच्या धातूच्या खोक्याला टेकते, दुसऱ्या टोकाला अँटेनाच्या बुडाशी पत्र्याला. काळी वायर निकामी झाल्यावर सगळा करंट त्या जाळीतून परतत होता. रेडिओचा नाजूक सिग्नल सांभाळायला केलेली जाळी हमालीला लागली होती, आणि तिचं बूडही गंजायला लागलं होतं. 'घुंईं'चा उलगडा इथेच झाला. अल्टरनेटर तयार करतो तो उलटसुलट करंट. डायोड तो सरळ करतात, तरी थोडी लहर उरते. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की लहर जलद होते आणि सूर चढतो. परतीची वाट रुंद असेल तर ती ऐकू येत नाही. सगळं एका जाळीतून कोंबलं की गाण्यात मिसळते.

मला हे पटेना. कारण आदल्या रात्री मी स्वतः मीटर लावून पाहिलं होतं. एक टोक काळ्या वायरीला, दुसरं बॉडीला, आणि मीटर 'पीं' वाजला होता. काका हसले. "मीटर वाजता, पण करंट जाऊक होयो ना?"

मीटर वाजवायला एक-दोन मिलिअँपिअर पुरतात. वीस-तीस ओहमच्या अडथळ्यातूनही तो खुशाल वाजतो. टेप जोरात वाजताना पाच-सहा अँपिअर ओढतो, म्हणजे काही हजार पट. काकांनी मीटर व्होल्टवर फिरवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं टेपच्या खोक्याला लावलं. "आवाज वाढय." वाढवला. ही दोन्ही टोकं एकाच अर्थवर असायला हवीत, त्यांच्यात 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. आकडा नाचत नाचत 2.3 पर्यंत गेला. सहा अँपिअर धरले तर वाटेत जेमतेम 0.4 ओहमचा अडथळा. कागदावर किरकोळ. पण बॅटरी 12.2 व्होल्टवर असताना टेपला मिळत होते दहाच्याही खाली, आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला तो गुदमरत होता.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवलं. दहाचा पाना पॉझिटिव्हवर असताना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी सुटलं असेल तर पाना कुठेही टेको. मग टेप बाहेर ओढला आणि काळ्या वायरीच्या मागे मागे काका डॅशबोर्डच्या पोटात शिरले. ती ज्या स्क्रूला बांधली होती तो प्लॅस्टिकची कडी धरणारा स्क्रू होता, रंगावरूनच आवळलेला. रंग वीज नेत नाही. स्क्रूच्या आट्यांनी जेवढा पत्रा खरवडला तेवढाच काय तो संपर्क. वायरीचं टोक हिरवं पडलेलं. वरचं प्लॅस्टिक सोललं तर आतलं तांबंही काळं.

"चकचकीत तांबा दिसासर काप."

मी कापत गेलो. वीतभर वायर गेली तेव्हा कुठे लाल तांबं दिसलं. खारी हवा उघड्या टोकातून शिरते आणि दिव्यात वात तेल ओढते तशी धाग्यांमधून आत चढत जाते. मीठ रात्रीचा ओलावा धरून ठेवतं. तांब्याचं टोक, लोखंडी पत्रा आणि मधे खारं पाणी अशी एक छोटीशी बॅटरीच तिथे तयार होते, आणि तीत झिजतो तो पत्रा. ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताची वडी बसवतात ती यासाठीच, पंख्याऐवजी वडी झिजावी म्हणून. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर खडकात कोरलेली शिवलिंगं आहेत, भरतीत बुडतात, ओहोटीत उघडी पडतात. दगडाला हे जमतं. आमच्या पत्र्याला माडाखालीही जमलं नाही.

पिवळी आणि लाल यांचीही वेगळी कथा निघाली. पिवळी कायमची बारा व्होल्टवर हवी, घड्याळ आणि लावलेली स्टेशनं तिच्या जोरावर लक्षात राहतात. लाल चावी फिरवल्यावर जागी व्हायला हवी. आधी बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीवर टाकल्या होत्या. दरवेळी बॅटरी उतरलेली का सापडायची याचं खापर आम्ही आजवर बॅटरीवर फोडत होतो. काकांनी पिवळी बॅटरीवरून स्वतंत्र आणली. फ्यूज टेपच्या मागे असतोच, त्यांनी आणखी एक बॅटरीपासून वीतभरावर घातला. मधे कुठे वायर घासून पत्र्याला लागली तर टेपमागचा फ्यूज काय कामाचा?

खोक्यावर '50 वॅट × 4' असं छापलंय. इंजिन चालू असताना बॅटरीवर फार तर 14.4 व्होल्ट. तेवढ्यात चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे 26 वॅटही पुरते मिळत नाहीत. काकांनी आकडा वाचला, खोका बाजूला ठेवला.

स्पीकरांपाशी ते सगळ्यात जास्त रेंगाळले. पुष्कळ जुन्या टेपांत स्पीकरचं एक टोक बॉडीवर चालत असे. आमच्या डाव्या दारात ते तसंच स्क्रूने आवळलेलं होतं. नव्या टेपच्या चिपमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टवर. त्यातलं एक पत्र्याला लावलं तर चिप फार तर स्वतःला बंद करून वाचेल, नाहीतर जळेल. म्हणजे एका काळ्या वायरीला पत्रा मिळालाच पाहिजे आणि बाकीच्या काळ्या पट्टीवाल्या वायरींना पत्रा दिसताही कामा नये. मी घाईघाईत सगळ्या काळ्या एकत्र बांधायला निघालो होतो, हे कबूल केलेलं बरं. काकांनी प्रत्येक स्पीकरची वायर बॉडीशी लावून मीटर गप्प राहतो ना ते पाहिलं. मग ती पेन्सिल सेल बाहेर आली. वायरींना टेकवली की स्पीकर 'टक्' करतो. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस लागलं तेच टोक प्लस. एक उलटा, एक सुलटा राहिला तर दोघे एकमेकांचा बेस खातात.

शेवटी अर्थ. दाराजवळच्या खांबाच्या मुळाशी एक जाड बोल्ट होता, थेट पत्र्यात रुतलेला. तो काढून भोवतालचा रंग पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढा घासला, पत्रा पांढरा दिसेपर्यंत. काळी वायर नवी घेतली, होडीवरची, कथिल चढवलेल्या तांब्याची, काकांच्या पिशवीतच होती. टोकाला गोल थिंबल पक्कडीने दाबली, वर स्लीव्ह. खाली दातेरी वॉशर, मग बोल्ट. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा थर. आधी लावायचं नाही, धातूला धातू भिडू द्यायचा, मग झाकायचं.

निगेटिव्ह जोडलं. घड्याळ 12:00 वर लुकलुकू लागलं. अँटेनाची पिन मुद्दाम बाहेरच ठेवली होती. टेप चालू झाला. मीटर परत बॅटरीला आणि खोक्याला लावला, आवाज चढवला. 0.04. इंजिन सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागचा सूर गेला होता. आई ओटीवरून ओरडली, "कमी कर रे तो आवाज!"

चहा झाला. मी पैसे देत असताना काका मीटर गुंडाळता गुंडाळता थांबले, बॉनेटपाशी गेले, मला हेडलाइट लावायला सांगितलं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हेडलाइटच्या काळ्या वायरीला. 0.9.

ते काही बोलले नाहीत. मीटर पिशवीत टाकला.

"शिवरात्र होवंदे," म्हणाले, "मगे बघूया."