न पाहिलेली गिटार

बँकेत असताना तारण ठेवलेला माल गोदामात जाऊन पाहिल्याशिवाय मी कर्जाच्या कागदावर सही केली नाही. निवृत्तीनंतर मात्र फोनवरचे चार फोटो पाहून नातवासाठी साडेसहा हजारांची जुनी गिटार घेतली. पैसेही आगाऊ पाठवले!

आमच्या वसईत गिटारला तोटा नाही. नाताळ जवळ आला की निर्मळ, नंदाखाल, आगाशीकडे संध्याकाळी सराव ऐकू येतो. नातवाला त्या पोरांत बसायचे होते आणि हाती दोनच आठवडे होते. घाई झाली, ती तिथेच.

खोके उघडले, गिटार चकचकीत निघाली. समोरचे मास्तर चर्चमध्ये वाजवतात. त्यांनी एकही तार छेडली नाही. काठी सरळ आहे का पाहावी तशी तिची मान डोळ्यासमोर धरली आणि म्हणाले, "काका, ही वाकलीय."

गिटार नायलॉनच्या तारांसाठी घडवलेली, कुणीतरी तिच्यावर पोलादी तारा चढवलेल्या. सहा नायलॉन तारांचा एकूण ताण साधारण 40 किलो, पोलादी तारांचा 70च्या आसपास. वर्षानुवर्षे एवढे ओझे पडले की मान पुढे झुकते, घोडीमागची फळी फुगते आणि एक दिवस घोडीच गोंदातून सुटते. पोलादी तारांच्या गिटारीच्या मानेत बहुधा लोखंडी सळई असते. ती चावीने फिरवून थोडा बाक काढता येतो. नायलॉनच्या जुन्या गिटारीत ती सहसा नसतेच. त्यात आमची खाडीकाठची दमट हवा. फोटो सगळे समोरून काढलेले होते. बाक दिसतो बाजूने.

मग मास्तरांनी नातवाला शिकवणी दिली. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवायची. खरखरली तर पडदा झिजलेला किंवा मान वाकडी. बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच सूर बरोबर वरच्या सप्तकात यायला हवा. सूर लावून दहा मिनिटे गप्पा मारायच्या आणि खुंट्या सैल पडतात का ते पाहायचे. पोकळीत विजेरी मारून आतल्या पट्ट्या तपासायच्या. नावही नीट वाचायचे: गिब्सन अमेरिकेची, गिव्हसन कोलकात्याची.

मी कायद्याचे पुस्तक काढले. 1930च्या माल विक्री कायद्यात दर्जाची न लिहिलेली हमी मिळते ती त्या मालाच्या व्यापाऱ्याकडून. घरातली गिटार विकणाऱ्या गृहस्थाला ती सहसा बांधत नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला खर्च गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त होता. त्या नाताळात नातू टाळ्या वाजवत बसला, आणि मला एका शब्दानेही बोलला नाही. तेच जास्त लागले.

परवा विरारला दुसरी गिटार बघायला तो एकटाच गेला. दोन तासांनी रिकाम्या हातांनी परतला.

"पाचव्या पडद्यावर खरखरत होती, आजोबा," म्हणाला, आणि जेवायला बसला.