कुत्रें एकाएकीं लंगडूं लागलें तर



सकाळीं फिरून आलेला मोती जिना चढतांना मागचा पाय उचलून धरतो आणि घरांत एकच धांदल उडते. कोणी तेल चोळावयास धांवतें, कोणी पाय ओढून पाहतें, तर कोणी कर्तें माणूस आपल्याच अंगदुखीची गोळी दुधांतून द्यावयास निघतें. आमच्या घरीं असा प्रसंग आला तेव्हां गोळी घेऊन उभा राहिलेला तो शहाणा गृहस्थ मीच होतों! पशुवैद्यांनीं दूरध्वनीवरून मला वेळींच थांबविलें.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीं आपल्या घरांतील नित्याचीं औषधें. पण कुत्र्याला तीं घातक ठरतात. त्यांच्यामुळें जठरांत व्रण पडतात, यकृताला किंवा मूत्रपिंडांना इजा होते. शिवाय वेदना दबली कीं जनावर पुन्हां उड्या मारूं लागतें व मूळची दुखापत वाढते.

मग करावें तरी काय? प्रथम त्याला शांतपणें एका जागीं बसवावें. वेदनेनें गरीब कुत्रेंही चावतें, म्हणून धन्यानेंही सावधपणेंच हात लावावा. पाहणी पंजापासून सुरू करावी. नखें, तळव्याच्या गाद्या, बोटांच्या बेचक्या निरखाव्या. कांटा, कांच, गोचीड किंवा उन्हाळ्यांत तापलेल्या डांबरी रस्त्याचा चटका तेथेंच सांपडतो. वरवरचा कांटा चिमट्यानें काढून जागा कोमट पाण्यानें धुवावी. खोल रुतलेली वस्तु मात्र उपटूं नये.

पंजा निर्दोष असेल तर दुसऱ्या पायाशीं ताडून सूज पाहावी. सूज असल्यास फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटें धरावा. जिना व उड्या बंद ठेवून, साखळी लावून केवळ विधीपुरतें बाहेर न्यावें. अशा विश्रांतीनें साधी लचक एकदोन दिवसांत उतरूं लागते. न उतरल्यास गुडघ्यांतील बंध तुटल्याचा संभव असतो. पॉमेरेनियनसारखें लहान कुत्रें चारदोन पावलें पाय उचलून पुन्हां नीट चालूं लागलें, तर गुडघ्याची वाटी सरकत असावी. या दोन्ही गोष्टी पशुवैद्यांनाच दाखवाव्या.

पाय मुळींच टेकत नसेल, वांकडा लोंबत असेल, रक्त थांबत नसेल किंवा मागचे दोन्ही पाय लुळे पडले असतील, तर घटकाभरही वाट पाहूं नये. निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती याहून वाढली आणि आज एक, उद्यां दुसरा असे पाय दुखूं लागले, तर गोचिडीपासून होणाऱ्या तापाची शंका घ्यावी.

आमच्या मोतीच्या बोटांच्या बेचकींत कांचेची एक बारीक कपची निघाली. गोळी दिली असती तर तो त्याच कपचीवर दिवसभर धांवला असता. मुक्या जनावराला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तेव्हां औषधाच्या डबीकडे हात नेण्यापूर्वीं त्याचा पंजा हातीं घ्यावा, एवढेंच माझें सांगणें.