कापड उलटून पाहताना

जावा बेटावर मी आणि नवरा पाठीवर सॅक टाकून हिंडत होतो. एका गावात दोन रात्री, मग पुढची गाडी. योग्याकार्तातही दोनच रात्री ठरवल्या होत्या, राहिलो सहा. मेणानं नक्षी काढून रंगवायचे, म्हणजे बाटिकचे, दोन रुमाल पुरे करायला तेवढे दिवस लागले.

तामान सारीच्या जुन्या जलमहालाजवळ एका घराच्या पडवीत चार बायका बुटक्या स्टुलांवर बसल्या होत्या. मधोमध शेगडी, तिच्यावर छोटी कढई आणि कढईत वितळलेलं मेण. मधमाश्यांचं मेण, पॅराफिन आणि राळ यांचं हे मिश्रण. राळेमुळे ते कापडाला घट्ट धरतं. पॅराफिन जास्त झालं तर तडकतं आणि भेगांतून रंग आत शिरतो.

हातातलं हत्यार एकच, चांतिंग. मूठ लाकडी, टोकाला तांब्याची इवलीशी वाटी आणि वाटीला चिमणीच्या चोचीसारखी नळी. थोरल्या बाईंना सगळे इबू म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. इबू चांतिंग कढईत बुडवत, चोचीवर फुंकर घालत आणि डाव्या तळव्यावर पेललेल्या कापडावर रेघ ओढत. मेण फार तापलं तर रेघ पसरते. निवलं तर वरच बसतं, आत मुरत नाही. एक बाजू झाली की कापड उलटून तीच रेघ मागूनही ओढायची.

आम्हीही शिकायला बसलो. माझी पहिली रेघ थेंबाथेंबांनी तुटली. इबूंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “अलोन-अलोन.” सावकाश, सावकाश.

बाटिकचं सारं गणित राखण्याचं आहे. जे पांढरं राहायला हवं ते आधी मेणानं झाकायचं, मग कापड निळीच्या पिंपात सोडायचं. बाहेर काढताना ते हिरवट असतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. छटा गडद होईपर्यंत पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. जिथे तपकिरी हवं तिथलं मेण खरवडायचं, जिथे निळं टिकवायचं तिथे नवं लावायचं आणि कापड झाडांच्या सालींच्या सोगा रंगात घालायचं. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटतं, आणि आत काय राखलं होतं ते तेव्हा दिसतं.

दुपारी इबू गुदेग वाढत. नारळाच्या दुधात, ताडगुळात तासन्‌तास मुरलेला कोवळा फणस. शेजारच्या बाई अडीच मीटर कापडावर परांग काढत होत्या. तिरप्या लाटांची ही नक्षी पूर्वी राजघराण्याबाहेर कुणी नेसायची नाही. त्या कापडाला त्यांचे तीन महिने गेले होते. 2009 मध्ये युनेस्कोनं इंडोनेशियाचं बाटिक मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवलं. तो वारसा मला त्या बाईंच्या मेणानं भाजून घट्टे पडलेल्या बोटांत दिसला.

निघायच्या दिवशी स्टेशनकडे जाताना मालिओबोरोच्या रस्त्यावर कापडांचे ढीग लागले होते. बरंचसं यंत्रावर छापलेलं, नक्षी मात्र बाटिकची. नवऱ्यानं एक कापड उचललं आणि उलटून पाहिलं. मागची बाजू फिकट होती. त्यानं ते नीट घडी घालून परत ठेवलं. आठवड्यापूर्वी आम्ही आधी किंमत विचारली असती.