केसपेपरपासून संगणकापर्यंत



भाषेच्या अध्यापकाने रुग्णालयातील नोंदींवर बोलावे, ही काहींना अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु रुग्णाची नोंद हे मुळात लेखनच आहे, आणि लेखन म्हटले की आमचाही थोडा हक्क पोहोचतो.

अनगोळहून बेळगावच्या दवाखान्यात जाणाऱ्याच्या पिशवीत पूर्वी केसपेपरची घडी असे. त्यावरील अक्षर बहुधा औषधविक्रेत्यालाच लागे. १९६८ साली लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी असे प्रतिपादन केले की, नोंदी रुग्णाच्या एकेका तक्रारीभोवती रचाव्यात; म्हणजे निदान कसे ठरले हे दुसऱ्यालाही तपासता येते. संगणकीय नोंदींना ही शिस्त मानवली. आपल्याकडे २०१३ साली त्यांची मानके जाहीर झाली, २०१६ साली ती सुधारली गेली. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल अभियान सुरू झाले.

तरीही अनेक डॉक्टर कुरकुरतात, आणि त्यांना दोष देववत नाही. बाहेर रांग लागलेली असताना रुग्णाकडे पाहावे की पडद्याकडे? शिवाय आपला रुग्ण नुसते ‘दुखते’ म्हणत नाही. कळ, ठणका, चमक, मुरडा, सल. प्रत्येकाची जात निराळी. घाईत यादीतील पहिल्याच इंग्रजी शब्दावर बोट पडते आणि ठणका व मुरडा एक होऊन जातात. रुग्णाचे शब्द त्याच्याच भाषेत टिपण्यास एक ओळ राखून ठेवावी, असे मला वाटते.

आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या केसपेपरवर तांबड्या शाईत ‘पेनिसिलिन सोसत नाही’ अशी नोंद होती. ती संगणकातही चढली होती. पुढे ते त्याच रुग्णालयात (नाव सांगत नाही) दाखल झाले, तेव्हा ती सापडेना. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन खेपांना दोन तऱ्हांनी झालेले. संगणकाच्या लेखी ती दोन माणसे! परिचारिकेने कानडीत पुन्हा विचारले, वहिनींनी मराठीत सांगितले, आणि इंजेक्शन थांबले.

नव्या अभियानातील १४ अंकी आरोग्यक्रमांकाचे मोल मला येथे कळते. अंकांना स्पेलिंग नसते. कागदाचा भरवसा तरी किती? २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. त्यापुढे कागद राहीलच असे नाही.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून तो जुना केसपेपर काढून आणला. नोंद पुन्हा चढवताना लेखनिकाने आडनाव विचारले, आणि त्याचे स्पेलिंग तिसरेच झाले.