भिंतीवरचा वायफायचा डबा : बसवताना घ्यावयाची काळजी



या पानावर आम्ही आजवर बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या, खोडव्याची निगा आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी लिहीत आलो. आजचा विषय जरा निराळा आहे. गावोगाव फायबरची तार पोचली तसे गट ऑफिसच्या, दूध डेअरीच्या आणि बऱ्याच सभासदांच्या घराच्या भिंतीवर वायफायचे पांढरे डबे दिसू लागले. चिटबॉय नोंदीला शेतावर गेला की पहिला प्रश्न लागणीच्या तारखेचा असतो आणि दुसरा, "साहेब, डबा कुठं लावू? आतल्या खोलीत रेंजच येत नाही." तेव्हा म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे. आमची पदविका शेतकीची. पण कारखान्याचे इलेक्ट्रिक खाते आणि संगणक विभाग यांच्या माणसांबरोबर हे काम करताना जे ध्यानात आले ते येथे देत आहोत.

कोणी म्हणेल, ऊसवाल्याने या भानगडीत का पडावे? तर उसाचा आणि संगणकाचा संबंध काही आजचा नाही. १९९८ साली वारणानगर येथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील ७० गावांत संगणक बसवण्याचा प्रकल्प झाला. ऊसनोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन ही माहिती सभासदाला गावातच मिळावी हा त्यामागचा हेतू. पुढे तेथेच काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावर हेच काम करून पाहण्यात आले. आता तर सातबारा, बँकेचा संदेश, हवामानाचा इशारा, सगळेच मोबाईलवर. म्हणजे मोटारीला जशी लाईट, तशी या कामाला जोडणी.

डबा कसला आणि कशासाठी

फायबर ज्या यंत्रात येऊन मिळते तो राऊटर. त्याची रेंज दोन-तीन खोल्यांपलीकडे जात नाही. पुढे रेंज हवी असेल तर राऊटरपासून तार ओढून दुसऱ्या ठिकाणी एक डबा भिंतीवर बसवतात. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. राऊटर ही विहीर धरली तर तार म्हणजे पाईपलाईन आणि हा डबा म्हणजे शेताच्या डोक्यावरचा कॉक. विहिरीला पाणी नसेल तर कॉक कितीही भारी आणून उपयोग नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

जागा निवडताना

वायफायच्या लहरी मोकळ्या हवेतून चांगल्या जातात. पत्रा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि जाड दगडी भिंत त्यांना अडवते. पत्र्याच्या शेडबाहेर डबा लावून आत रेंजची वाट पाहणे म्हणजे बांधाच्या पलीकडे पाणी सोडून अलीकडचा ऊस भिजण्याची वाट पाहण्यासारखे आहे. डबा शक्यतो वापराच्या जागेच्या मध्यावर, आठ ते दहा फूट उंचीवर, समोर मोकळी जागा ठेवून लावावा. बहुतेक डब्यांची रेंज तोंडाच्या बाजूला जास्त आणि पाठीमागे कमी असते, म्हणून तोंड खोलीकडे हवे. चुलीचा धूर, मोरीचा ओलावा आणि थेट ऊन टाळावे. बाहेर लावायचाच असेल तर बाहेरच्यासाठी बनवलेलाच डबा घ्यावा. घरातला डबा पिशवीत गुंडाळून बाहेर टांगला की आत घाम धरून आठ दिवसांत गंजतो.

जागा पक्की करण्याआधी डबा शिडीच्या किंवा बांबूच्या आधाराने त्या उंचीवर तात्पुरता धरून, चालू करून, मोबाईल हातात घेऊन सगळीकडे फिरून पाहावे. रेंज मोजण्याची ॲप मिळतात, त्यांत उणे आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत चांगले, उणे ८० म्हणजे नावापुरते. भोक पाडल्यावर जागा बदलण्यापेक्षा आधी दहा मिनिटे फिरलेले बरे.

आधी जीव, मग वायफाय

डबा दीड-दोन हजाराचा असो की दहा हजाराचा, तो पुन्हा आणता येतो. शिडीवरून पडलेला किंवा शॉक बसलेला माणूस परत आणता येत नाही. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावल्याने काय होते हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

मागे एका ठिकाणी बाहेरून आलेल्या कारागिराने बटणाच्या बोर्डाच्या बरोबर वर भिंतीला ड्रिल लावले. आत प्लॅस्टरखाली वायरिंग होते. ड्रिल तारेला भिडले आणि ठिणगी उडाली. त्या घराला ईएलसीबी बसवलेली होती म्हणून लाईट तत्क्षणी गेली आणि गडी बचावला. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच रेषेत आडवे भोक कधीही पाडू नये. आतले वायरिंग बहुधा याच रेषांतून जाते.

२. त्या भागाची लाईट मेनमधून बंद करावी, टेस्टरने खात्री करावी, आणि मेनपाशी एक माणूस उभा करावा. नाहीतर घरातले कोणीतरी "लाईट का गेली" म्हणून खटका वर करते. ड्रिल मशीनला दुसऱ्या खोलीतून बोर्ड ओढावा.

३. घराला ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी नसेल तर डब्याआधी ती बसवून घ्यावी. खर्च वायफायचा समजू नका, घराच्या विम्याचा समजा.

४. शिडी चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर या प्रमाणात लावावी आणि खाली एकाने धरावी. शेणाने सारवलेल्या किंवा ओल्या फरशीवर शिडी घसरते.

५. घराजवळून वीजतार जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी आणि लांब पाईप तिकडे नेऊच नये. तार बंद आहे असे कोणी सांगितले तरी नेऊ नये.

६. भोक पाडताना डोळ्यावर चष्मा असावा. ६ मिलिमीटरचे भोक, त्यात तेवढीच प्लॅस्टिकची गिट्टी आणि मग स्क्रू. पांढऱ्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तेथे तुळईला किंवा खांबाला लाकडी फळी ठोकून तिच्यावर डबा बसवावा.

तार आणि तिच्यातून जाणारी वीज

तार कॅट-६ जातीची, शुद्ध तांब्याची घ्यावी. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी तार स्वस्तात मिळते. टोक ब्लेडने खरवडून पाहावे; आत पांढरे दिसले तर परत करावी. एका ओढीत तार १०० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे ३२८ फुटांपेक्षा जास्त नसावी. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरबरोबर एकाच पाईपमधून ही तार कधीही ओढू नये. दोन्हींत फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडावी. बाहेरच्या भिंतीतून आत घेताना भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे, तार भोकाच्या खाली लोंबती ठेवून मग वर वळवून आत न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरात न येता खाली ठिबकते. राहिलेली फट सिलिकॉनने बुजवावी.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.

बरेच डबे याच तारेतून वीज घेतात. त्याला पीओई म्हणतात. डब्यापाशी वेगळा प्लग लागत नाही, ही मोठी सोय. पण येथे एक मेख आहे. प्रमाणित पीओई सुमारे ४८ व्होल्टची असते. ती पलीकडे योग्य यंत्र आहे का हे आधी तपासते आणि मगच वीज सोडते. साध्या प्रकारची, बहुधा २४ व्होल्टची, कसलीही तपासणी न करता वीज सोडून देते. म्हणून डब्यावरचा आकडा आणि वीज देणाऱ्या ॲडॉप्टरवरचा आकडा जुळल्याशिवाय जोडू नये. ॲडॉप्टरला दोन तोंडे असतात. 'लॅन' लिहिलेले राऊटरकडे, 'पीओई' लिहिलेले डब्याकडे. उलटे जोडून काहीजणांनी राऊटर जाळले आहेत.

वळवाच्या विजा आणि लाईटचा खेळ

वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळी विजांचा जोर असतो. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा मोटारीच्या खोलीपर्यंत तांब्याची तार उघड्यावरून ओढली की विजेला वाटच करून दिल्यासारखे होते. वीज थेट पडायला नको. जवळ कोठे पडली तरी तारेत दाब चढून दोन्ही टोकांची यंत्रे जातात. दोन इमारतींमध्ये फायबरच घालावी, ती काचेची असल्याने वीज नेत नाही. मात्र फायबरच्या केबलमध्ये आधारासाठी लोखंडी तार नसलेली घ्यावी. तांबेच घालणे भाग असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग हवे. अर्थिंगशिवाय सर्ज प्रोटेक्टर म्हणजे चारीशिवाय पाट.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर घेऊन ठेवावे, ते जवळपासच्या विजांचा इशारा देते. इशारा आला की राऊटरचा प्लग आणि तार दोन्ही काढून ठेवावीत. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र काढायला धावू नये. त्या वेळी यंत्र गेले तर जाऊ द्यावे.

जोडणी खाली बसूनच करावी

डबा भिंतीवर चढवण्याआधी टेबलावर ठेवून सगळी मांडणी करून घ्यावी. शिडीवर उभे राहून मोबाईलमध्ये बोटे घालणे धोक्याचे.

प्रथम कंपनीचे नवीन सॉफ्टवेअर भरून घ्यावे. नंतर 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडावा, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकटा राऊटर करील. दोन्ही यंत्रे पत्ते वाटू लागली की दोन पाटकऱ्यांनी एकच पाळी दोघांना दिल्यासारखा गोंधळ होतो. देश विचारल्यास भारत निवडावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते पण गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंत फारशी ओलांडत नाही. दोन्ही चालू ठेवाव्यात. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून शेजाऱ्याचा १ असेल तर आपण ६ किंवा ११ घ्यावा.

कुलूप लावल्याशिवाय दार उघडू नये

हा भाग आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण येथेच सगळे कंटाळा करतात. २००८ साली अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून पाठवला गेला होता. त्या गृहस्थांचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी चौकशीला त्यांनाच सामोरे जावे लागले. जोडणी ज्याच्या नावावर, दार प्रथम त्याचेच ठोठावले जाते.

म्हणून डब्याचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. वायफायला डब्ल्यूपीए-३, आणि जुने मोबाईल असतील तर डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षा निवडावी. पासवर्ड किमान १२ अक्षरांचा असावा. गावाचे नाव, मुलाचे नाव, मोबाईल नंबर नको. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' वायफाय वेगळे ठेवावे.

गट ऑफिससाठी तर हा नियमच हवा. तेथील संगणकावर सभासदांची नावे, क्षेत्र, टनेज आणि बँक खात्यांचे क्रमांक असतात. चिठ्ठीसाठी थांबलेल्या सभासदाला वायफाय जरूर द्यावे, पण ते गेस्टचे. ऑफिसचा पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला दिसला तर सभासदांनीच तो पुसायला सांगावा. माहिती तुमची आहे.

लहरींची भीती

"याने मेंदूला काही होत नाही ना?" असे माय-माउल्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. घरातल्या डब्याची ताकद साधारणपणे एका वॅटपेक्षाही कमी असते आणि अंतर वाढले की ती झपाट्याने घटते. अशा क्षीण लहरींनी आरोग्याला अपाय होतो असा खात्रीलायक शास्त्रीय पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली नमूद केले. डबा भिंतीवर उंच असला की तो उशाशीही येत नाही. खरा धोका लहरींचा नाही, तो २३० व्होल्टचा, शिडीचा आणि उघड्या दाराचा.

तेव्हा बंधूंनो, ज्याला लाईटचे काम येत नाही त्याने वायरिंगला हात लावू नये, परवानाधारक वायरमन बोलवावा. पण तो काम करीत असताना हे पान हातात धरून शेजारी उभे राहावे. लागणीला बेणे आपण स्वतः डोळ्याखालून घालतो, तसेच हेही काम घालावे. अडचण आल्यास गट ऑफिसात शेतकी खात्याच्या माणसास विचारावे, ही विनंती.